धुळाक्षर, अंकलिपि आणि ध्वनिपद्धति : भिवंडीकडील प्रथम वाचनशिक्षणाचें एक परीक्षण

१. भिवंडी तालुका आमच्या वाचकांस परिचित आहे तो मुख्यतः लोनाडचें लेणें आणि त्या परिसरांतील शिलाहारांचे शिलालेख यांमुळें. झिजलेल्या दगडावर मात्रा होती कीं नुसता ओरखडा, अक्षर 'प' वाचावें कीं 'य', या वादांत आपण संशोधक मंडळी महिनेचे महिने घालवितों. परंतु अक्षर लावण्याची ही विद्या आपणांस प्रथम कोणत्या रीतीनें मिळाली, आणि त्या रीतीला कांहीं इतिहास आहे कीं नाहीं, हा प्रश्न आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं विचारला असेल. प्रस्तुत लेखांत तो विचारण्याचें कारण असें कीं, लहान मुलांस वाचावयास कसें शिकवावें याविषयीं सध्यां जो वाद चालला आहे, त्यांत दोन्ही पक्ष इतिहासाची साक्ष काढतात, आणि दोघांचीहि साक्ष सदोष आहे.

एक पक्ष म्हणतो कीं, 'फोनिक्स' या नांवानें आलेली ध्वनिपद्धति आपल्या शाळांत नव्हती म्हणून मुलांस वाचतां येत नाहीं. ती आणली कीं काम झालें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, आमची वर्णमाला मूळचीच ध्वनिशास्त्रावर रचलेली असल्यामुळें आम्हांस कोणाकडूनहि कांहीं घ्यावयाचें नाहीं. अंकलिपि हातीं दिली कीं पुरे. या दोन्ही विधानांचें परीक्षण जुन्या साधनांच्या आणि भिवंडीच्या आजच्या परिस्थितीच्या आधारें करावें, असा आमचा हेतु आहे.

२. प्रथम जुनी रीति काय होती तें पाहूं. पंतोजीच्या शाळेंत मूल बसलें कीं त्याच्यापुढें लाकडी पाटी येई. तिच्यावर धूळ पसरून बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावयाचें, तें मोठ्यानें म्हणावयाचें, पुसावयाचें आणि पुन्हा काढावयाचें. यालाच धुळाक्षर म्हणत. आरंभीं 'ओनामासीधं' म्हणावयाचें. हा 'ॐ नमः सिद्धम्' याचाच मुलांच्या तोंडीं झालेला अपभ्रंश होय. वर्ण हातीं बसले कीं बाराखडी : 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, क ला दुसरी वेलांटी की'. पुढें जोडाक्षरें, आणि मग मोडीचा कित्ता व बोरू. मुंबई इलाख्यांतील १८२० ते १८३० या दशकांतील देशी शाळांच्या चौकशीचे कागद रा. वि. परुळेकर यांनीं १९५१ सालीं प्रसिद्ध केले आहेत. जिज्ञासूंनीं ते अवश्य पाहावे.

या रीतींत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, डोळा, बोट आणि जीभ हीं तिन्ही एकाच वेळीं एकाच कामास लागत. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. 'क ला काना का' हें नुसतें घोकणें नव्हे. तें उघड उघड पृथक्करण आहे. मूळ अक्षर कोणतें, त्यास कोणतें चिन्ह लागलें आणि त्यामुळें उच्चार काय झाला, हे तीन मुद्दे त्या एका ओळींत क्रमानें येतात. चौतीस व्यंजनें आणि बारा रूपें धरलीं तर ४०८ अक्षरें होतात. तीं एकेक पाठ करण्याचें कारण पडत नाहीं. एका व्यंजनाची बाराखडी समजली कीं उरलेल्या तेहतिसांची गुरुकिल्ली हातीं येते. तेव्हां ध्वनि आणि चिन्ह यांचा संबंध शिकविण्याची कल्पना आमच्याकडे नव्हती, हें पहिल्या पक्षाचें म्हणणें टिकत नाहीं.

तथापि जुन्या शाळेचा गौरव करतांना हात आखडता घ्यावा लागतो. त्या शाळेंत मुली जवळजवळ नव्हत्या, गांवांतील बहुसंख्य जातींचीं मुलें नव्हतीं. छडी होती, आणि पाठांतर पुष्कळदां अर्थावांचून चाले. शिवाय तेथें मुलास वर्षांमागून वर्षें बसविण्याची सोय होती. ज्यास वेळ कमी त्यास ती विद्या क्वचितच पुरी मिळे. हा मुद्दा पुढें पुन्हा येणार आहे.

३. या धुळाक्षरानें एकदां समुद्रहि ओलांडला आहे. मद्रास येथील पुरुष-अनाथालयाचे अधीक्षक डॉ. अँड्र्यू बेल यांनीं तेथील देशी शाळेंत मुलें वाळूवर बोटानें अक्षरें काढतांना पाहिलीं, आणि तीच रीति आपल्या शाळेंत सुरू करून १७९७ सालीं लंडनमध्यें तिचा वृत्तान्त छापला. पुढें इंग्लंडांतील गरिबांच्या शाळांतून वाळूचे तबक आले. मादाम माँटेसोरी यांनीं १९०७ सालीं रोम येथें बालगृह काढलें, तेथें खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मूल बोट फिरवी आणि त्याच वेळीं त्याचा ध्वनि उच्चारी. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. १९४५ सालीं ताराबाईंनीं त्या विचाराचें कार्य तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें आणलें आणि १९५७ सालीं तें कोसबाडला गेलें. बोट आणि ध्वनि यांची सांगड घालणारें हें तत्त्व ठाणें जिल्ह्यास नवीन नव्हतें. गांवच्या पंतोजीची धूळपाटी तेथें पूर्वीं होतीच. बेलनें नेलेली धूळ आणि माँटेसोरीचा कागद यांत थेट देवघेव झाली असें आमचें म्हणणें नाहीं. दोन ठिकाणच्या शिक्षकांस मुलाच्या बोटांतली बुद्धि दिसली, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. आणि तेंहि पुष्कळ आहे.

४. आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. केरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपूरास छापलें गेलें, आणि १८१० सालचा त्यांचा कोश तर मोडी ठशांत निघाला. मुंबईस १८२२ सालीं देशी शाळा व शाळापुस्तकें यांकरितां मंडळी स्थापन झाली आणि छापील पुस्तक शाळेंत शिरलें. त्या छपाईचें सर्वांत टिकाऊ अपत्य म्हणजे अंकलिपि. ती आजहि भिवंडीच्या बाजारांत थोड्या पैशांत मिळते. तिच्यांत वर्णमाला जुन्या क्रमानें आहे, बाराखडी आहे, पाढे आहेत. वरवर पाहतां जुनी शाळाच पुस्तकांत उतरली असें वाटतें. परंतु पुस्तकांत क्रम उतरला; कृति उतरली नाहीं. बोट गेलें, कारण छापील अक्षरावरून तें फिरत नाहीं. मोठ्यानें केलेलें पृथक्करण गेलें, कारण छापलेल्या बाराखडींत 'क, का, कि, की' एवढेंच उरतें. 'क ला काना' हा सांगाडा पानावर येत नाहीं, तो शिक्षकाच्या तोंडींच राहातो.

त्या जागीं चित्र आलें. 'क कमळाचा', 'ग गणपतीचा'. यांत मूल चित्र ओळखतें आणि शब्द म्हणतें. अक्षराकडे त्यानें पाहिलेंच पाहिजे असें नाहीं. 'ण' आणि 'ळ' यांनीं मराठी शब्दाचा आरंभच होत नाहीं, म्हणून 'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा' असें म्हणावें लागतें. म्हणजे आतांपर्यंत जो नियम मुलानें मनाशीं बांधला होता कीं पहिला ध्वनि तेंच अक्षर, तो येथें मोडतो. 'ङ' आणि 'ञ' यांना तर चित्रच मिळत नाहीं. 'च चमच्याचा' म्हणणाऱ्या मुलास 'चिमणी' वाचतांना दुसराच च लागतो, पण त्याविषयीं पान मुकें असतें.

क्रमाचा दोष याहून मोठा आहे. कंठ, तालु, मूर्धा, दंत आणि ओष्ठ या स्थानांप्रमाणें केलेली वर्णांची मांडणी ही आपल्या पूर्वजांच्या बुद्धीची थोर कृति आहे, यांत शंका नाहीं. परंतु ती वर्गीकरणाची मांडणी आहे. वाचन शिकविण्याची नव्हे. कोशांतील शब्दक्रमानें कोणी भाषा शिकत नाहीं, तसेंच हें. पहिलीं पांच व्यंजनें क, ख, ग, घ, ङ घ्यावीं आणि कानामात्रा न लावतां शब्द करून पाहावे : 'खग' हा पक्ष्याचा संस्कृत शब्द मिळतो, जो कोणत्याहि घरीं बोलला जात नाहीं. याउलट न, म, ल हीं तीन व्यंजनें आणि काना व दुसरी वेलांटी हीं दोन चिन्हें एवढाच ऐवज घेतला, तर मी, मला, मामा, मामी, मान, मन, नाना, नाल, लाल, माल असे दहा शब्द तत्काळ हातीं येतात. दोन्हीकडे चिन्हें पांचच. पहिल्या पांचांनीं मुलास कळतें कीं वाचणें म्हणजे ओरडणें. दुसऱ्या पांचांनीं कळतें कीं वाचणें म्हणजे कोणीतरी आपल्याशीं बोलणें.

सर्व व्यंजनें आधीं आणि मात्रा मागून, या छापील क्रमामुळें जीं वाक्यें तयार होतात, त्यांची भाषा आपण सर्वांनीं लहानपणीं वाचली आहे. कानामात्रा टाळण्यासाठीं माणसें जेथें केवळ अकारान्त क्रिया करतात, ती मराठी कोणत्याहि पेठेंत ऐकूं येत नाहीं.

५. आतां ध्वनिपद्धति. तिचा जन्म इंग्रजीच्या अडचणींतून झाला आहे. इंग्रजींत अक्षराचें नांव निराळें आणि उच्चार निराळा. 'बट' आणि 'पुट' या दोन शब्दांत एकच स्वरचिन्ह दोन उच्चार देतें. म्हणून तेथें नांव बाजूस ठेवून ध्वनि शिकवावा लागला. इंग्लंडांत २००६ सालच्या जिम रोझ यांच्या अहवालानंतर ही पद्धति सरकारी शाळांत प्रमुख झाली, आणि २०१२ सालापासून लहान मुलांची तशी परीक्षाहि घेतली जाऊं लागली. आमच्या लिपींत अक्षराचें नांव हाच त्याचा उच्चार आहे. म्हणून 'क' न म्हणतां 'क्' असा अर्धा ध्वनि मुलाकडून काढून घेण्याचा जो खटाटोप कांहीं वर्गांत चालतो, तो दुसऱ्याच्या रोगावरचें औषध आपण घेण्यासारखा आहे. आपल्या लिपीचें एकक अक्षर आहे. सुटा ध्वनि नव्हे. सोनाली नाग यांनीं कन्नड मुलांवर केलेल्या आणि २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, अक्षरसंख्या मोठी असल्यामुळें तीं सर्व आत्मसात् होण्यास कित्येक इयत्ता लागतात, आणि सुट्या ध्वनीची जाण मुलांत सावकाश येते. मराठीस ही गोष्ट लागू पडण्यास आम्हांस अडचण दिसत नाहीं.

परंतु एवढ्यावरून मराठी जशी लिहिली तशी वाचली जाते, हा अभिमानहि बाळगूं नये. 'घर' लिहितों आणि 'घर्' म्हणतों. 'सरबत' लिहितों आणि 'सर्बत्' म्हणतों. अक्षरें सुटीं म्हणून जोडलीं तर शब्द होत नाहीं. मधला किंवा शेवटचा एक 'अ' गाळावा लागतो, आणि तो केव्हां गाळावा हें मुलास कोणी सांगत नाहीं. 'चार' आणि 'चारा', 'जीव' आणि 'जाळ' यांत एकाच अक्षराचे दोन उच्चार आहेत. पहिली वेलांटी लिहावयाची आधीं आणि म्हणावयाची मागून. 'र' हा तर बहुरूपी : सूर्य, चक्र, राष्ट्र, वऱ्हाड या चार शब्दांत त्याचीं चार रूपें आहेत. 'अंक', 'पंच', 'अंत', 'अंब' यांतील एकाच टिंबाचे चार उच्चार होतात. हे आमच्या भाषेचे खरे ध्वनिप्रश्न. परक्या ध्वनिपाठांत त्यांपैकीं एकहि नाहीं.

यांतील कांहींची साक्ष आपल्या दप्तरांत पडली आहे. मोडींत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद राखला जात नसे, शब्दांत अंतर सोडलें जात नसे. आधीं रेघ ओढून कारकून तिला अक्षरें लावीत जाई. तरीहि राज्याचा कारभार त्या लेखनावर चालला. ज्या भेदाकरितां आज सात वर्षांच्या मुलाच्या वहीवर तांबड्या शाईच्या खुणा होतात, तो भेद उच्चारांत फारसा नसल्यामुळेंच लेखकांनीं सोडला होता.

मग ध्वनिपद्धतींतून घेण्याजोगें कांहींच नाहीं काय? आहे. इंग्लंडांत १९९२ सालापासून चाललेल्या 'जॉली फोनिक्स'मध्यें पहिलीं सहा अक्षरें वर्णक्रमानें घेतलेलीं नाहींत. त्यांतून जास्तींत जास्त शब्द व्हावेत अशीं निवडलीं आहेत. हें तत्त्व घ्यावें; ध्वनि मात्र आपले आपण घ्यावे. थोडीं व्यंजनें आणि थोड्या मात्रा एकदम, त्यांतून लगेच शब्द, लगेच वाक्य, आणि मग पुढचा गट. यांत पंतोजीचा 'क ला काना' निरुपयोगी होत नाहीं. उलट पहिल्याच आठवड्यांत कामास येतो.

६. हा वाद भिवंडीस केवळ पंडितांचा राहात नाहीं. मागावरच्या या गांवांत मोमीन विणकरांचीं, पद्मशाली कुटुंबांचीं, कोंकणी मुसलमानांचीं मुलें आहेत. भोंवतालच्या गांवांत आगरी, वारली, कातकरी आहेत. एकाच गल्लींत सकाळीं दोन आवाज ऐकूं येतात. एका वर्गांत 'क ला काना का', आणि पलीकडे कायदा वाचणारीं मुलें 'बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु' म्हणत असतात. दोहोंची लिपि निराळी, दिशा निराळी. परंतु सांगाडा एकच : अक्षर, चिन्ह, उच्चार. ज्यांस आपापली पद्धति जगावेगळी वाटते, त्यांनीं हा दाखला ध्यानांत ठेवावा.

आगरी मुलाची अडचण आणखी निराळी. त्याच्या घरीं 'पाणी' नाहीं, 'पानी' आहे. 'डोळा' नाहीं, 'डोला' आहे. तें मूल पुस्तकांतील 'पाणी' पाहून 'पानी' म्हणतें, आणि चुकलें म्हणून त्यास खालीं बसविलें जातें. वास्तविक त्यानें वाचलेंच आहे. वाचून आपल्या बोलींत सांगितलें आहे. जुन्या कागदांत लेखकानें 'ण'च्या जागीं 'न' लिहिला असतां आपण संपादक काय करतों? पाठ जसाच्या तसा छापतों आणि 'लेखकाची बोली' म्हणून टीप देतों; त्यास निरक्षर म्हणत नाहीं. मृत कारकुनास जी समीक्षकाची सभ्यता आपण दाखवितों, ती जिवंत मुलास का नाकारावी?

वीटभट्टीवरच्या मुलाचें तर सर्वच घाईचें. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जातें आणि पावसाच्या तोंडीं परत येतें. गेल्या शतकाच्या अखेरीस विधायक संसदेनें अशा भट्ट्यांवर 'भोंगाशाळा' चालविल्या, त्या याच कारणानें. गांवच्या शाळेंत जूनपासून दिवाळीपर्यंत मिळालेल्या चार-पांच महिन्यांत छापील क्रमानें व्यंजनें कशीबशी होतात. मात्रा राहून जातात. म्हणजे सीता नांवाची मुलगी शाळा सोडून भट्टीवर जाते तेव्हां तिला 'स' ठाऊक असतो, 'त' ठाऊक असतो, आणि स्वतःचें नांव वाचतां येत नाहीं. जुन्या शाळेचा जो दोष आम्हीं वर सांगितला, कीं ज्यास वेळ नाहीं त्यास विद्या नाहीं, तोच दोष या क्रमानें आपण नव्या शाळेंत जपून ठेविला आहे.

हा आमचा केवळ तर्क नव्हे. भिवंडीला लागून असलेल्या वाडा तालुक्यांत, जो २०१४ सालापासून पालघर जिल्ह्यांत आहे, आणि कर्नाटकांत यादगीर येथें, शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षें अभ्यास केला. त्याचा अहवाल २०१७ सालीं निघाला. मूळाक्षरें संपेपर्यंत मात्रा लांबणीवर टाकण्यानें मुलांचें शब्दवाचन रखडतें, आणि तिसरीच्या अखेरीसहि पुष्कळ मुलें साधा उतारा नीट वाचूं शकत नाहींत, असें त्यांस आढळलें. २०२१ सालच्या 'निपुण भारत' योजनेनें तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास वाचतां यावें असें २०२६-२७ चें उद्दिष्ट ठेविलें आहे. उद्दिष्ट उत्तम आहे. परंतु क्रम जुना ठेवून तें कसें गांठणार, हें उद्दिष्ट ठरविणाऱ्यांनीं पाहावें.

७. सारांश, आमचा निर्णय असा. ध्वनिपद्धतीची वाण आपल्याकडे होती, म्हणून पहिला पक्ष इतिहासाच्या बाबतींत चुकतो. ती अंकलिपींत शिल्लक राहिली, असें मानण्यांत दुसरा पक्ष चुकतो. वर्णमालेचा क्रम पाठांतरास आणि कोशास ठेवावा. वाचनास तो लावूं नये. बाराखडीची कृति परत आणावी. पहिल्या दिवसापासून मात्रा द्याव्या. आणि मुलाची बोली ही चूक न मानतां पाठभेद मानावा.

शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंति. पेशवाईंतील पत्राचा तुकडा आपण रेशमांत गुंडाळून ठेवितों. परंतु मुलांचे मोडी कित्ते, शिळाप्रेसवरच्या जुन्या अंकलिप्या, घरोघरच्या कायद्यांच्या फाटक्या प्रति, लाकडी धूळपाट्या, यांना आपण रद्दींत घालतों. धुळींतील अक्षर मुलानें हातानेंच पुसलें. तें मिळणार नाहीं. जें कागदावर आलें तेंहि आपल्या डोळ्यांदेखत जात आहे. भिवंडी, शहापूर, वाडा, वसई या बाजूंस कोणाच्या माळ्यावर असें कांहीं असेल, तर त्यानें तें वर्ष, ठिकाण आणि शक्य तर मुलाचें वय नोंदवून जपावें. आपल्या पूर्वजांनीं काय लिहिलें हें आपण शोधीत आलों आहों. तीं अक्षरें त्यांनीं कशीं गिरविलीं याचा पुरावा हाच आहे, आणि भट्टीवरून परत येणाऱ्या मुलीस तिचें नांव कसें वाचूं द्यावें, याचाहि कांहीं विचार त्यांतून निघण्याजोगा आहे.